लेखी मागितलं म्हणजे अविश्वास दाखवला?

अनुवाद, लेखन, डिझाइनची कामं स्वतंत्रपणे घेणाऱ्या मुलामुलींकडून एक वाक्य सतत कानावर येतं : "ओळखीतून आलेलं काम आहे, लेखी कसं मागणार? त्यांना वाईट वाटेल." मग काम फोनवर ठरतं, मध्येच वाढतं, आणि बिल गेलं की "एवढं कुठं ठरलं होतं?" असा प्रश्न येतो. पैसे अडकतात आणि ओळखही तुटते. ज्या विश्वासापोटी कागद टाळला, तोच आधी जातो. तरी ही समजूत सुटत नाही, याची चीड येते.

तोंडी करार बेकायदा नाही. १८७२चा भारतीय करार कायदा तो मानतो. अडचण पुराव्याची आहे. त्यासाठी स्टॅम्प पेपर आणि वकील हवाच असंही नाही. काम काय, बदल किती वेळा करून मिळतील, तारीख, रक्कम, ॲडव्हान्स एवढं ईमेलवर लिहावं आणि क्लायंटकडून "मान्य" असं उत्तर घ्यावं. करार इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला एवढ्याच कारणानं तो रद्द ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ स्पष्ट सांगतं.

आणि यात क्लायंटचा अपमान कसला? लेखी कागदाची गरज अनेकदा त्यालाच जास्त असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, बाहेरच्या अनुवादकाकडून करून घेतलेल्या अनुवादाचा पहिला हक्कदार अनुवादकच असतो. मानधन दिलं म्हणून हक्क आपोआप प्रकाशकाकडे जात नाहीत. ते द्यायचे तर कलम १९प्रमाणे सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे प्रकाशकाला शांतपणे समजावून सांगा. त्याचं हित जपणारा माणूस म्हणून तुमच्याबद्दलचा विश्वास वाढेल.

"पैसे कधी देणार, हे विचारणं बरं दिसत नाही," हाही त्याच समजुतीचा भाग. पण वेळेवर पैसे मिळण्याला कायद्याचा आधार आहे. त्यासाठीची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. ती काम घेण्याआधीच करून ठेवावी. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. ही तरतूद २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यातली आहे.

विश्वासाबद्दलच्या आणखीही काही समजुती आहेत. दर पाडला की विश्वास बसतो, हे खरं नाही. पुढच्या कामालाही तोच दर मागितला जातो, एवढंच होतं. जीएसटी नंबर नसला तर कुणी काम देत नाही, हेही चूक. महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. रात्री-बेरात्री मेसेजला उत्तर देण्यापेक्षा उशीर होणार असेल तर आधी कळवणं क्लायंटला जास्त उपयोगी पडतं.

पुढचं काम फोनवर ठरेल, तेव्हा फोन ठेवल्याबरोबर ठरलेलं सगळं ईमेलनं पाठवा. ओळखीच्या माणसाला तर नक्की पाठवा.