पक्षिनिरीक्षण, जलाशयांवरील

तलाव, धरणांचे जलाशय, दलदली व खाड्या यांच्या परिसरातील पक्ष्यांना त्रास न देता त्यांची जाती ओळखणे, संख्या व वर्तन यांचे अवलोकन करणे आणि जे दिसले त्याची रीतसर नोंद ठेवणे, याला जलाशयांवरील पक्षिनिरीक्षण म्हणतात. रानातील पक्षी पानोळ्यात दडलेला असतो. पाणपक्षी बहुधा उघड्यावर व मोठ्या थव्यांत वावरतात. त्यामुळे नवशिक्या निरीक्षकाला जलाशय सोयीचा वाटतो. तथापि एखाद्या जलाशयावर कोणते पक्षी केव्हा दिसतील, हे मुख्यतः पाण्याची खोली, उघड्या पडलेल्या चिखलाचा विस्तार व दिवसाची वेळ यांवर अवलंबून असते. या गोष्टींचा विचार न करता आखलेली सहल पुष्कळदा निष्फळ ठरते.

पूर्वेतिहास : भारतातील अनेक पाणथळ जागा एकेकाळी शिकारीसाठी राखलेल्या होत्या. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी तत्कालीन व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्याची नोंद तेथील शिलालेखावर आहे. पुढे याच ठिकाणी पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यात आला. १९८२ मध्ये या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बंदुकीकडून दुर्बिणीकडे झालेल्या या स्थित्यंतरात १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि सालिम अली (१८९६–१९८७) यांचा वाटा फार मोठा आहे. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याचे साधन मिळाले. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी ललित लेखन व कोशरचना यांद्वारे पक्ष्यांची लोकनामे आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान वाचकांपुढे आणले. या दोघांच्या जन्मदिनांना जोडणारा ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

हंगाम व पाण्याची पातळी : मध्य व उत्तर आशियातून येणारे स्थलांतरी पक्षी ऑगस्टअखेरपासून भारतात उतरू लागतात. तुतवार व अन्य चिखलपक्षी आधी येतात. बदकांचे मोठे थवे नोव्हेंबरपर्यंत स्थिरावतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा भराचा काळ असून मार्च-एप्रिलमध्ये ते परततात. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक इ. स्थानिक पक्ष्यांची वीण मात्र बहुतांशी पावसाळ्यात होते. ती पाहावयाची असल्यास हिवाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात लोणारसारखी नैसर्गिक सरोवरे थोडी आहेत. बहुतेक जलाशय सिंचनासाठी बांधलेले असल्याने तेथे ऋतुमानाबरोबरच कालव्यांच्या आवर्तनांचे एक वेगळे कालमान चालू असते. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय तुडुंब भरलेला असतो, काठ खोल असतात व चिखल पाण्याखाली असतो. अशा वेळी लांब पायांच्या व चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना तेथे जागा नसते. पाणी सोडले जाऊन पातळी उतरली, की काठाने उथळ पट्टे तयार होतात व त्यांत खोलीप्रमाणे पक्ष्यांची वाटणी होते. ओल्या चिखलावर टिलवे व धोबी, घोटाभर पाण्यात शेकाट्या, त्याहून थोड्या खोल पाण्यात शेपूट वर करून तळातील अन्न खाणारी तलवार बदके, आणि खोल पाण्यात बुडी मारणारी शेंडी बदके व लालसरी आढळतात. एकाच ठिकाणी उभे राहून हे पट्टे क्रमाने पाहिले, तर पक्ष्याची जाती ओळखण्याचे निम्मे काम त्याच्या जागेवरूनच होते.

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या (१९८०) जलाशयावर याचे ठळक उदाहरण मिळते. भिगवण, कुंभारगाव व डिकसळ या गावांजवळच्या उथळ फुगवट्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. परंतु पाऊस भरपूर होऊन पाणी उशिरा उतरल्यास त्यांचे आगमनही लांबते. केवळ गेल्या वर्षीच्या तारखेवरून बेत करणाऱ्याची अशा वर्षी निराशा होते. म्हणून निघण्यापूर्वी धरणातील साठा व कालव्याचे आवर्तन यांची चौकशी करावी. गावातील मच्छीमारांना पाण्याची स्थिती रोजची माहीत असते. पळसदेव येथील बुडालेले जुने मंदिर पातळी बरीच खाली गेली की उघडे पडते. त्या भागात ती पाणी उतरल्याची ठळक खूण होय.

स्थलनिवड : थोड्या वेळात पुष्कळ ठिकाणे पाहण्यापेक्षा एकच जलाशय दोन दिवस पाहणे अधिक फलदायी ठरते. नासिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे यासाठी योग्य ठिकाण आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला व त्यातून बेटे, उथळ डबकी, पाणगवत आणि काठची झाडी असे विविध अधिवास निर्माण झाले. साठवणुकीच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने गुण ठरला. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये पाणथळ जागांविषयीच्या रामसर करारातील यादीत समाविष्ट झालेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून ते जाहीर झाले. चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत. पहिल्या दिवशी सकाळी मनोऱ्यावरून बदके, चांदवे (वारकरी), चमचे व चित्रबलाक पाहावेत. दुपारी नोंदी पुऱ्या कराव्यात. सायंकाळी गवताळ काठावर थांबून रात्रीच्या निवाऱ्याला उतरणारे भोवत्या व भोरड्यांचे थवे पाहावेत. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या बाजूने तोच परिसर पाहिला, की आदल्या दिवशीच्या नोंदींतील चुका व उणिवा ध्यानात येतात.

पैठणचा नाथसागर विस्ताराने फार मोठा असल्याने तेथे आधी काठावरील एखादा उथळ भाग निश्चित करावा लागतो. ठाण्याच्या खाडीत कालव्यांच्या आवर्तनांऐवजी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते. ओहोटीला चिखल उघडा पडतो व रोहित पक्षी खाण्यासाठी दूरवर पांगतात. भरती चढू लागली की ते मागे सरकतात. भरतीची वेळ दररोज सु. ५० मिनिटांनी पुढे जात असल्याने एका रविवारची वेळ पुढच्या रविवारी उपयोगी पडत नाही. येथील रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले व २०२२ मध्ये या खाडीचा रामसर यादीत समावेश झाला.

प्रकाश व साधने : सूर्योदयापासूनचे तीन तास व सूर्यास्तापूर्वीचे दोन तास उत्तम होत. सकाळी जलाशयाच्या पूर्व काठावर व सायंकाळी पश्चिम काठावर उभे राहिल्यास सूर्य पाठीमागे राहतो आणि पिसांचे रंग स्पष्ट दिसतात. उलट बाजूस उभ्या असलेल्या निरीक्षकाला चकाकत्या पाण्यावर केवळ काळ्या आकृती दिसतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरते, त्यामुळे चांगल्या दुर्बिणीतूनही दूरचा पक्षी अस्पष्ट दिसतो.

दुर्बिणीवर ८ × ४० असे अंक असतात. पहिला अंक वर्धनाचा व दुसरा पुढील भिंगाच्या मिमी. मधील व्यासाचा असतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले असता डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास, येथे ५ मिमी., मिळतो. तो जितका मोठा, तितके पहाटेच्या मंद उजेडात चित्र उजळ दिसते. हातात धरण्याच्या दुर्बिणीचे वर्धन आठ ते दहापट असावे. त्यापुढे हाताचा कंप जाणवतो. दूरच्या थव्यांसाठी तिपाईवरील एकनेत्री दुर्बीण उपयोगी पडते. मात्र ती गटात एक असली तरी पुरते. याखेरीज क्षेत्र-पुस्तिका, वही व पेन्सिल, मातकट रंगाचे कपडे, टोपी आणि पिण्याचे पाणी एवढे साहित्य पुरेसे होते.

निसर्गवाटा : जलाशयाच्या जोडीला एखादी वनातील वाट घेतल्यास निरीक्षकाच्या दृष्टीबरोबर कानांचाही अभ्यास होतो. पाण्यावर अडचण अंतराची असते, रानात ती पानांची असते. म्हणून वाटेवर शंभर पावले चालून पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावे आणि आवाजाच्या रोखाने पाहावे. हिवाळ्यात निरनिराळ्या जातींचे कीटकभक्षक पक्षी एकत्र थव्याने हिंडतात. असा मिश्र थवा येईपर्यंत रान मुके वाटते व तो आला की काही मिनिटांत दहा-बारा जाती नजरेस पडतात. रायगड जिल्ह्यातील कर्नाळा अभयारण्यात (१९६८) हरियाल व मोरटाका या नावांच्या आखलेल्या वाटा आहेत. तेथे भृंगराज कोतवाल, तांबट, हळद्या, हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक, तसेच महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल यांचा शोध घेता येतो. मुंबई परिसरातील निरीक्षकाला खाडी व कर्नाळा यांचा मेळ दोन दिवसांत घालता येतो. मात्र खाडीची वेळ भरती ठरविते, हे लक्षात घेऊन रानातील सकाळ आधी वा नंतर ठेवावी.

गणना व नोंदी : पक्षी ओळखताना आकारमान, चोच, पाय, उडण्याची ढब व अधिवास यांचा विचार आधी व रंगाचा नंतर करावा, कारण वय, लिंग व ऋतू यांनुसार रंग बदलतो. अनेक नर बदके हिवाळ्याच्या आरंभी माद्यांसारखीच भुरकट दिसतात. मोठा थवा मोजताना प्रथम दहा पक्षी मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरावी आणि थव्यात तशा किती जागा बसतात हे पाहावे. नोंदीत तारीख, वेळ, नेमके ठिकाण, हवामान, पाण्याची स्थिती, जाती व संख्या ही असावीत. ओळख पटली नसल्यास तसे लिहावे. अंदाजाने दिलेले नाव नोंद निरुपयोगी करते. पायातील कडी वा गळपट्ट्यावरील क्रमांक दिसल्यास तो अवश्य टिपावा. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब हंस भारतातील जलाशयांवर ओळखले गेले, ते अशा नोंदींमुळेच.

या नोंदींचे मोल कालांतराने कळते. भरतपूरला १९६० नंतरच्या दशकात सु. दोनशे सायबेरियन क्रौंच हिवाळा घालवीत. ही संख्या वर्षागणिक घटत गेली व २००२ नंतर तेथे एकही पक्षी आला नाही. हा ऱ्हास दरवर्षी मोजणी झाल्यानेच सिद्ध करता आला. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते व तीत हौशी निरीक्षक भाग घेतात. ईबर्ड या संगणकीय नोंदसंग्रहातील हजारो निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांतील ६० टक्के जातींची घट झाल्याचे त्यात दिसून आले. एखाद्या तलावावर ‘काही दिसले नाही’ अशी प्रामाणिक नोंदही म्हणूनच व्यर्थ नसते.

निरीक्षकाचे आचरण : पक्ष्याला उडताना लागणारी ऊर्जा विश्रांतीच्या वेळेपेक्षा कितीतरी पट अधिक असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्थलांतरी पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवीत असतात. छायाचित्रासाठी होडी थव्यात घालून दिवसातून अनेकदा त्यांना उडविले, तर खाण्याचा वेळ व साठविलेली शक्ती दोन्ही खर्ची पडतात. पक्षी खाणे थांबवून माना उंचावू लागले, की निरीक्षक जास्त जवळ आला असे समजावे व तेथूनच मागे फिरावे. इंजिनाच्या होडीपेक्षा वल्ह्याची होडी बरी; भिगवण परिसरातील मच्छीमार अशा होड्यांतून पक्षी दाखवितात व त्यातून त्यांना जोडउत्पन्नही मिळते. नावाड्याला अधिक पैसे देऊन थव्याच्या जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. तसेच त्याच्या जाळ्यांना धक्का लागू देऊ नये. कुरव पक्ष्यांना तळलेले पदार्थ टाकणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलाविणे, घरट्याजवळील फांद्या दूर करणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पक्ष्यांची अंडी वा घरटी यांची हानी करणे हाही गुन्हा ठरू शकतो.

जलाशय माणसाने शेतीसाठी बांधले. पक्ष्यांनी ते आपलेसे केले. तेथील पाणी, गाळ व काठ यांवर शेतकरी, मच्छीमार, शहरे व पक्षी या सर्वांचा भार आहे. तेथे काय होते व काय उरले, हे ठरविण्यास पुढील पिढ्यांना आजच्या निरीक्षकांच्या वह्यांचाच आधार असेल. म्हणून नेमाने एकाच तलावावर जाणारा व तेथील थव्याला न उडविता परतणारा निरीक्षक हा पक्षिशास्त्राचा आणि त्या तलावाचाही उपकारकर्ता होय.