ज्वारीचं वाण निवडताना आधी माती

हमरियात बसून गावच्या शेतासाठी रब्बी ज्वारीचं वाण शोधताय? केंद्र सरकारच्या सीडनेट पोर्टलवर अधिसूचित वाणांची माहिती मिळते. पण नुसता उत्पादनाचा आकडा बघून बियाणं ठरवू नका. आधी घरी फोन करून विचारा, माती किती खोल आहे? राहुरी कृषी विद्यापीठाची वाणं जमिनीप्रमाणे आहेत: 30 सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, 60पर्यंत मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, त्याहून खोल भारी जमिनीला फुले वसुधा. कोरडवाहू ज्वारी साठलेल्या ओलाव्यावरच वाढते. हलक्या जमिनीत तो लवकर संपतो. उशिरा येणारं वाण दाणा भरायच्या आतच वाळू शकतं. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्याआधी कुणालातरी कुदळ घेऊन शेतात पाठवा.