हकचे पत्र आणि डग्लसचे मौन

अभिजात अमेरिकन साहित्य शिकविताना 'व्यक्ती विरुद्ध समाज' हे सूत्र आपल्या महाविद्यालयांतून हटकून सांगितले जाते. हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर'मधील (१८५०) हेस्टर, डोईपट्टी नाकारून १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढणारा थोरो, मार्क ट्वेनचा हक फिन ही त्याची ठरलेली उदाहरणे. सूत्र खोटे नाही; पण या नकाराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्यात येत नाही. थोरोची पट्टी दुसऱ्याच कुणी तरी भरली आणि तो सकाळी बाहेर आला.

'हकलबरी फिन' अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा वीस वर्षे झाली होती. कथा मात्र त्याआधीची. पळालेल्या जिमचा ठावठिकाणा मालकिणीला कळविणारे पत्र हक लिहितो. गुलामाला पळून जाण्यास मदत करणे ही चोरी, आणि अशा पाप्याला नरकच, असे त्याला शिकविलेले. तो पत्र फाडतो आणि नरक पत्करतो. समाज चुकला आहे असे हकला वाटतच नाही. आपणच पापी, असे समजून तो माणुसकीने वागतो. अन्यायी व्यवस्था माणसाच्या विवेकातच कशी घर करते, हे ट्वेनने फार नेमके दाखविले आहे. शिवाशिवीला पुण्य मानणारा समाज पाहिलेल्या वाचकाला याचे भाष्य करून सांगावे लागत नाही.

शेवट मात्र खटकतो. कोंडलेल्या जिमच्या सुटकेचा टॉम सॉयर खेळ मांडतो. मालकिणीच्या मृत्युपत्राने जिम दोन महिन्यांपूर्वीच मुक्त झालेला, आणि टॉमला ते ठाऊक! काळ्या माणसाचे स्वातंत्र्य गोऱ्या पोराची करमणूक ठरते. हा लेखकाचा उपरोध आहे, असे काही समीक्षक म्हणतात. असेलही. पण जिमला स्वतःची लेखणी नाही, तोवर ही अडचण राहणारच.

ती लेखणी फ्रेडरिक डग्लसच्या हाती होती, आणि तीही ट्वेनच्या चाळीस वर्षे आधी. बाल्टिमोरच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवावयास घेतली. गुलाम शिकला की कामातून जातो, म्हणून नवऱ्याने ती बंद पाडली. गुलामी कशावर टिकते, हे पोराला तिथेच उमगले. पावाचे तुकडे देऊन रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांकडून त्याने वाचन शिकून घेतले. सोळाव्या वर्षी, गुलामांना वठणीवर आणण्यासाठी ख्यात असलेल्या कोवी या शेतकऱ्याशी तो सुमारे दोन तास झुंजला. त्यानंतर कोवीने त्याच्यावर चाबूक उगारला नाही. १८३८ साली तो निसटला.

१८४५च्या आत्मकथनात मालकांची नावे, गावे स्पष्ट छापली आहेत. पकडले जाण्याच्या भीतीने त्याला ब्रिटनला जावे लागले. तिथल्या मित्रांनी १८४६ साली पैसे भरून त्याची मुक्तता विकत घेतली. (जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ साली अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केली, ती ही व्यवस्था मोडल्यानंतर.)

इतके सारे उघड सांगणारा डग्लस एका ठिकाणी मात्र गप्प बसतो. आपण कसे पळालो, ते तो सांगत नाही. सांगितले तर मदत करणारे अडकतील आणि मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल. हेस्टर, थोरो, हक यांच्यापैकी कुणालाही असा हिशेब करावा लागला नव्हता. एका खलाशाचे कागद घेऊन, खलाशाच्याच वेषात आपण आगगाडीत बसलो, हे त्याने आत्मचरित्रात सविस्तर लिहिले ते १८८१ साली.