एका पायाची सूज आणि रक्तगुठळीच्या तपासण्या

परळ-लालबाग-दादर परिसरातील चिकित्सालयांत पायाच्या सुजेचे रुग्ण नित्य येतात. टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण याच भागात महिनोन्‌महिने मुक्काम करतात. गिरगावच्या बिनलिफ्टच्या चाळीत मांडीचे हाड मोडलेले वृद्ध खाटेवरच पडून असतात. असा रुग्ण एका पायाची पोटरी भरून आल्याचे सांगून तेल मागतो, तेव्हा अभ्यंग, मर्दन वा स्वेदन योजण्यापूर्वी खोल सिरेतील रक्तगुठळीचा, म्हणजेच डीप व्हेन थ्रॉम्बॉसिसचा, निरास झालाच पाहिजे, असे आमचे मत आहे. ही गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकल्यास रुग्ण दगावू शकतो. तिला सिराग्रंथी म्हणावे की रक्तावृत वात, हा वाद परिषदांत रंगतो. तो तेथेच रंगू द्यावा.

पाऊल वर वळविल्यावर पोटरी दुखणे, या होमन्सच्या चिन्हावर भिस्त ठेवू नये. गुठळी असूनही ते आढळत नाही, आणि नसतानाही आढळते. त्यापेक्षा साधी मोजपट्टी उपयोगी. नडगीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याखाली १० सेंमी अंतरावर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक ३ सेंमीहून अधिक असल्यास वेल्स गुणांकनात १ गुण मिळतो. कर्करोग, पक्षाघात अथवा प्लास्टर, ३ दिवस वा अधिक अंथरुणास खिळणे किंवा १२ आठवड्यांतील मोठी शस्त्रक्रिया, पूर्वीची गुठळी, यांसही प्रत्येकी १ गुण आहे. विसर्पासारखे अन्य निदान तितकेच संभवत असेल तर २ गुण वजा होतात. बेरीज २ वा अधिक आल्यास गुठळी संभाव्य समजून थेट डॉप्लर करवावा.

बेरीज त्याहून कमी असेल तेव्हाच डी-डायमर या रक्ततपासणीस खरा अर्थ आहे. ती निषेधासाठी आहे, सिद्धीसाठी नव्हे. गर्भावस्था, जंतुसंसर्ग, कर्करोग, शस्त्रक्रिया, वार्धक्य या सर्वांत तिचा आकडा वाढतोच. सामान्य मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पन्नाशीनंतर वय गुणिले १० अशी मर्यादा धरतात. मात्र अहवालावर एकक ‘एफईयू’ आहे की ‘डीडीयू’, हे आधी पाहावे. वरील आकडे एफईयूचे आहेत; डीडीयूमध्ये ते साधारण निम्मे होतात.

रंगीत डॉप्लर सोनोग्राफीत तंत्रज्ञ प्रोबने सिर दाबून पाहतो. निरोगी सिर दाबाने मिटते, गुठळीची मिटत नाही. तपासणीत क्ष-किरण नसल्याने गर्भिणीसही ती निर्धोक आहे. मांडीच्या व गुडघ्यामागच्या सिरांत ती भरवशाची, पोटरीत तितकी नव्हे. म्हणून अहवाल निर्दोष येऊनही संशय उरल्यास सुमारे आठवड्याने ती पुन्हा करवावी. कटिभागातील सिरांसाठी सीटी वा एमआर व्हेनोग्राफी लागते. पावलाच्या सिरेत औषध टोचून काढावयाची जुनी व्हेनोग्राफी आता क्वचितच होते.

अहवालातील एका शब्दाने फसगत होते. ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ ही नावाने वरवरची, प्रत्यक्षात खोल सिर आहे. तेथील गुठळी किरकोळ समजून लेपावर भागवू नये; रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असताना जलौकावचारण वा सिरावेध करू नये.

औषधविक्रेत्या मित्रांनीही एका पायाच्या सुजेसाठी महानारायण तेल मागणाऱ्या गिऱ्हाइकास नुकतीच शस्त्रक्रिया, बाळंतपण वा दीर्घ अंथरूण झाले आहे काय, एवढे विचारावे. सोबत धाप किंवा छातीत कळ असेल, तर तपासणीचीही वाट न पाहता त्यास के.ई.एम.सारख्या रुग्णालयाच्या अपघात विभागात पाठवावे.