टॅक्सीच्या पोटातलं स्पोर्ट्स इंजिन

जुनी एमजी विकत घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, ‘किती चाललीय?’ प्रश्न साहजिक आहे आणि जवळजवळ निरुपयोगीही. या गाड्यांचं मीटर पाच आकडी. ९९,९९९ मैल झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. मीटरवर बत्तीस हजार दिसले, तर ते बत्तीसच आहेत, की एक लाख बत्तीस, की मधली दहा वर्षं केबल तुटलेलीच होती, हे गाडी सांगत नाही आणि विकणारा तर नाहीच नाही. या इंजिनाची खरी कुवत जोखायची असेल तर कोलकात्याची पिवळी अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी पाहावी.

कारण इंजिन एकाच घराण्यातलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये एमजीए ही दोन माणसांची, उघड्या टपाची देखणी गाडी काढली. तिच्या बॉनेटखाली कंपनीचं १,४८९ सीसीचं ‘बी-सिरीज’ इंजिन होतं. १९५९ पासून तेच हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसू लागलं. दोन्हीकडे बोअर ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९. एक गाडी तरुण साहेबाने शनिवार-रविवारी समुद्रावर न्यायची, दुसरी हावड्याच्या पुलावर तासभर अडकून पडायची.

अ‍ॅम्बेसेडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये बिर्लांनी गुजरातेत ओखा बंदरावर सुरू केली आणि १९४८ मध्ये उत्तरपाड्याला हलवली. कारखाना एवढा मोठा की लोकलच्या स्टेशनचं नावच ‘हिंदमोटर’ पडलं. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे तिथे रुजलेली मॉरिस ऑक्सफर्ड. सुरुवातीला तिला जुन्या पद्धतीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, मग बी-सिरीज आलं. इंग्लंडमध्ये या घराण्यातली शेवटची प्रसिद्ध स्पोर्ट्स गाडी, एमजीबी, १९८० मध्ये बंद झाली. त्याच सुमारास उत्तरपाड्यात बी-सिरीजच्या डिझेल भावंडाचं बस्तान बसत होतं. आपल्या मुंबईत टॅक्सी म्हणजे फियाट, अर्थात पद्मिनी असायची. अ‍ॅम्बेसेडर दिसायची ती मंत्रालयाच्या आवारात, लाल दिवा लावून. त्यामुळे मराठी माणसाच्या मनात ती सरकारी गाडीच राहिली. कोलकात्यात मात्र ती हमालीला जुंपलेली होती.

आता पोटात काय आहे ते पाहू. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉडने वरचे व्हॉल्व्ह हलतात. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन, म्हणून ताकद ७० अश्वशक्तीच्या आसपास. अ‍ॅम्बेसेडर पन्नाशीच्या आसपास. फरक एवढाच, पण आयुष्याच्या हिशेबात तो मोठा ठरतो. स्ट्रोक लांब असल्याने मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला सरासरी सोळा मीटर धावतो. टॅक्सीवाला दोन हजारांच्या आसपास गाडी ओढतो, तेव्हा तोच वेग सहा मीटरही भरत नाही. रिंगा, बोअर, बेअरिंग यांची झीज या आकड्यांतून ठरते. मैल नंतर येतात.

म्हणून एका मालकाने जपून चालवलेली लाखभर मैलांची गाडी, शर्यतीच्या नादात लाल रेषेवर ताणलेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा तरुण असू शकते. तीन बेअरिंगवरचा क्रँक जास्त फेऱ्यांवर वाकू पाहतो, हे कंपनीलाही ठाऊक होतं. एमजीबीला १९६४ च्या शेवटी पाच बेअरिंग दिली ती त्यामुळेच. जाणकार एमजीबी बघायला आला की इंजिन तीनचं की पाचचं, हे आधी विचारतो.

हुशारी अंगाशी कशी येते याचा नमुनाही याच घराण्यात आहे. १९५८ मध्ये एमजीएच्या ब्लॉकवर दोन कॅमशाफ्टचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड चढवून ‘ट्विन कॅम’ काढली. ताकद १०८ अश्वशक्ती. पिस्टनला भोकं पडू लागली, वॉरंटीचे दावे वाढले आणि १९६० मध्ये २,१११ गाड्यांवर प्रकरण आटोपलं. साध्या पुशरॉडवाल्या बहिणी अजून फिरताहेत.

दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन. त्यांनी १९६६ मध्ये व्होल्व्हो पी-१८०० ही स्पोर्ट्स कूपे घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर तीस लाख मैल पुरे केले. इंजिन पहिल्यांदा उघडलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर. तेही बिडाचं, पुशरॉडवालं, पाच बेअरिंगचं. गॉर्डन तेल वेळेवर बदलत आणि मुख्य म्हणजे गाडी रोज, लांब लांब चालवत.

रोज चालवण्याचा मुद्दा खरेदीदाराच्या लक्षात सहसा येत नाही. इंजिनाची सगळ्यात जास्त झीज थंड असताना होते. रात्रभर तेल खाली उतरलेलं असतं, सुरू केल्यावर पहिले काही क्षण बोअर कोरडे असतात, चोक ओढला तर पेट्रोल भिंतीवरची उरलासुरला तेलाचा पापुद्रा धुऊन नेतं. टॅक्सी सकाळी एकदा तापली की रात्रीपर्यंत गरमच. तिच्या शंभर किलोमीटरमागे थंड सुरुवात एखादीच. आता बालीगंजच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली, ‘फक्त अठरा हजार चाललेली’ गाडी घ्या. बंगालच्या चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणात बोअरला गंज धरतो, रिंगा खाचेत अडकतात, तेलात पाणी साचून आम्ल तयार होतं. अशी गाडी मी तरी कमी चाललेली म्हणून घेणार नाही.

मग मीटर बाजूला ठेवून बघायचं काय? आधी, गाडी थंडच हवी. मालकाने ‘तुम्ही येणार म्हणून’ तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावं. जुन्या गाड्यांना पुढून हँडल मारायची सोय असे. इग्निशन बंद ठेवून हँडल सावकाश फिरवलं की चारही सिलिंडरचा दाब हाताला लागतो. एखादा भुसभुशीत लागला की तिथेच भावाची बोलणी सुरू. इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशर बघायचं. एमजीबीच्या पुस्तकाप्रमाणे चालताना ५० ते ८० पौंड, उभ्या गाडीत १० ते २५. उतारावर पाय काढून पुन्हा दाबला की मागे निळा धूर निघतो का, तेही पाहायचं. निघाला तर तेल व्हॉल्व्ह गाइडमधून उतरतंय. सतत निळा असेल आणि ब्रीदरमधूनही वाफारा येत असेल, तर रिंग-पिस्टन गेले.

गेले तरी जग बुडत नाही, आणि हीच या इंजिनाची खुबी. बोअर वाढवायचा, वीस थाउ (इंचाचे वीस हजारांश) मोठा पिस्टन घालायचा. पुढच्या खेपेला चाळीसचा, मग साठचा. त्यानंतर स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर. क्रँकही घासून कमी मापाची बेअरिंग बसतात. कोलकात्यातल्या टॅक्सींनी असे किती जन्म घेतले, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे विकणाऱ्याला विचारायचं ते हे: इंजिन शेवटचं कधी उघडलं, पिस्टन कितवा आहे आणि लेथवाल्याची पावती आहे का.

दोन कामं मात्र नवी आहेत. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटला शिशाचाच आधार होता. कठीण सीट बसवलेली नसेल तर त्या खचत जातात आणि टॅपेटची फट पुन:पुन्हा कमी होते. दुसरं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्याने फुगतात, चिरतात. हे बदललेत का, हे मैलांआधी विचारावं.

सुट्या भागांसाठी कोलकात्यात मल्लिक बाजार आहे. अ‍ॅम्बेसेडरचं सगळंच एमजीला चालत नाही; कॅम, पिस्टन, कार्ब्युरेटर वेगळे. पण हे इंजिन डोळे मिटून उघडणारे हात या शहराने टॅक्सीवर तयार केले, आणि भागांपेक्षा ते हात दुर्मिळ होत चाललेत. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. टॅक्सींना घालवलं ते झिजेने नव्हे; कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने व्यावसायिक गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा घातली. चालती इंजिनं भंगारात गेली.

एमजीएचं नशीब उलटं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हीए’ क्रमांकाची स्वतंत्र नोंदणी आणली. अशी नोंदणी केलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणजे कायद्यानेच तिला पोर्चमध्ये उभं केलं. कोलकात्यात १९६८ पासून ‘स्टेट्समन’ची जुन्या गाड्यांची रॅली भरते, तिथे दिसणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी वर्षात मोजकेच दिवस हलतात. त्यांच्या मालकांनी गाडी निदान दुरुस्तीची चाचणी म्हणून तरी महिन्यातून एकदा बाहेर काढावी, पाणी आणि तेल दोन्ही नीट तापेपर्यंत चालवावी. पोर्चमध्ये पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हे न सुरू करण्यापेक्षा वाईट, कारण तेवढ्यात तेलातलं पाणी उडत नाही, उलट वाढतं.