बुऱ्हाणपूरच्या उन्हाला टायर कोणता?

सिंधीपुऱ्यातून गाडी काढून असीरगडचा घाट चढायचा, तर ‘ऑल-सीझन’ या शब्दाला भुलू नका. त्यातला हिवाळा बर्फाळ देशांचा आहे. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी रबर कडक होऊ लागते, म्हणून तिकडे थंडीतही लवचीक राहणारे मिश्रण लागते. आपल्याकडे बर्फ कुठला? मे महिन्यात डांबर भाजून काढते आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते. ते पाणी खोल खाचांतूनच बाहेर फेकले जाते, खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलाच.

टायरच्या बाजूवर ‘९१ व्ही’ असेल, तर एका टायरला ६१५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. मी मात्र आधी टायर बनल्याची तारीख पाहतो: ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.