गरम पाण्याची धार

वसतिगृहात राहून गेलेल्या कोणालाही पौषातील पहाटेची स्नानगृहापुढील रांग वर्णन करून सांगावी लागणार नाही. बंबाच्या काळी पुढच्याला कढत आणि मागच्याला कोमट पाणी मिळे. पुढे गच्चीवर सौरबंब आले, सरपणाचा धूर गेला. रांग मात्र राहिली. थंड पाण्याची तोटी धो धो वाहते आणि शेजारच्या गरम तोटीला करंगळीएवढी धार! रांगेच्या शेवटची लहान मुले मग गार पाण्यानेच उरकतात. गिझर बसविलेल्या घरांतूनही पालकांची हीच तक्रार ऐकू येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

अशा वेळी पहिला विचार येतो तो पंपाचा. आम्हांसही तो आला होता. परंतु दाब निर्माण होतो तो टाकीच्या उंचीमुळे : १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो. थंड आणि गरम दोन्ही पाणी अखेर गच्चीवरील एकाच टाकीतून उतरत असेल आणि थंड पाणी जोरात येत असेल, तर उंचीला दोष देण्यात अर्थ नाही. अडथळा गरम पाण्याच्या वाटेतच कोठेतरी आहे.

तो बहुधा चुन्याचा असतो, आणि त्याचे मूळ आपल्या भूमीतच आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने राळेगणसिद्धीच्या ग्रामस्थांनी नालाबांध घातले, चर खोदले, पाझर तलावांतील पाणी जमिनीत जिरविले. कोरड्या विहिरी बोलू लागल्या. पावसाचे पाणी मुळात मृदू. मातीतून झिरपताना ते तेथील कर्बवायू शोषते, किंचित आम्ल बनते आणि खडकामातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. हेच आपले ‘जड’ पाणी. तापविले की कर्बवायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पांढरा थर होऊन बसतो. विहिरीला जीवदान देणारा पाझरच असा गरम नळीचा गळा आवळतो. थंड नळी त्यामानाने मोकळी का राहते, याचे उत्तरही यातच आहे. नळीचा आतील व्यास निम्मा झाला की पाण्याची वाट चौथाईवर येते. घर्षणामुळे धार त्याहूनही बारीक होते.

तरीही हातोडी उचलण्यापूर्वी बादली उचलावी. १० लिटरची बादली थंड तोटीखाली किती वेळात भरते आणि गरम तोटीखाली किती, हे घड्याळ लावून पाहावे. एकच गरम तोटी मंद असेल तर तिच्या तोंडाची जाळी काढून धुवावी. पुष्कळदा काम तेथेच संपते. सगळ्याच गरम तोट्या मंद असतील तर बंबाकडे जाणारा कॉक पूर्ण उघडा आहे का, एकमार्गी झडप अडकली आहे का, ते पाहावे. (आमच्याकडे एकदा दुरुस्तीनंतर कॉक अर्धाच उघडा राहिला होता, आणि आम्ही पंपाचे भाव विचारीत होतो!) धार फुसफुसत, थांबत येत असेल तर नळीच्या उंचवट्यात हवा अडकलेली असते. सौरबंबाच्या टाकीवरील उभी हवानळी मोकळी हवी. ती कधीही बंद करू नये, टाकी फुटण्याचा वा चेपण्याचा धोका असतो. पंप केवळ थंड नळीवर बसविला तर मिक्सरमधून थंड पाणी गरम नळीत उलटे घुसते आणि उरलीसुरली धारही थांबते.

चुना काढण्यास लिंबूसत्त्वाचे कोमट द्रावण पुरते. जाळ्या व तोट्यांचे सुटे भाग त्यात तासभर बुडवून ठेवावेत, मग घासून धुवावेत. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये, ते धातू खाते. गिझर आतून साफ करणे जाणत्या कारागिराचे काम. त्याआधी वीज मुख्य बटणापाशी बंद करून पाणी निवू द्यावे. काचनळ्यांचा सौरबंब रिकामा करावयाचा तर उन्हे चढण्यापूर्वीच. तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी शिरले की काच तडकते. जुन्या लोखंडी नळ्या आतून भरून आल्या असतील तर धुण्यात वेळ न दवडता त्या बदलाव्यात.

काम झाल्यावर तीच बादली पुन्हा लावावी आणि आधीचा व नंतरचा वेळ तारखेसह वहीत टिपावा. पुढील वर्षी दिवाळीची सुटी संपण्यापूर्वी ती वही उघडली, म्हणजे थंडीच्या आधी जाळ्या धुऊन होतील.